बाड, सत्तेचाळीस नग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मोहाडीच्या निम्म्या लोकांना पाढे शिकवणारे आदरणीय भैयाजी गुरुजी, व्यासपीठावर बसलेले विमा शाखेचे अधिकारी, व्यापारी मंडळाचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती श्री. इश्वर निंबार्ते, त्यांच्या शेजारी बसायला संकोचणाऱ्या मंदाबाई, आणि ऊन असूनही सभागृह भरून टाकणाऱ्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. सभेत बोलायची मला सवय नाही. शाळेत असताना आमच्या सिस्टर म्हणायच्या, उर्वशीचं अक्षर सुंदर आहे, आवाज मात्र कपाटात ठेवलेला आहे. पण आयोजक म्हणाले, मॅडम, तुम्ही इश्वरभाऊंच्या सगळ्यात जुन्या ग्राहक. तुम्ही नाही बोलणार तर कोण? खरं आहे. लग्न होऊन मी नागपूरहून इथे आले त्याच्या दुसऱ्या वर्षी इश्वरभाऊ सायकलवरून आमच्या दारात उभे राहिले होते. ‘विमा’ हा शब्द त्यांनी त्या दिवशी अकरा वेळा उच्चारला, आणि अकराही वेळा आमच्या ह्यांनी ‘चहा घ्या’ असं उत्तर दिलं. त्या चहावर चौतीस वर्षांची मैत्री झाली.

इश्वरभाऊंनी या तालुक्यात किती घरांचे, किती दुकानांचे, किती गाईम्हशींचे विमे उतरवले, ते माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी एकाच विम्याबद्दल बोलणार आहे. तो पुस्तकांचा होता.

तुमच्यातल्या पुष्कळांनी माझे यजमान, लिलाधर कहालकर, यांना तहसील कार्यालयातल्या खिडकीमागे पाहिलंय. पण त्याहून जास्त लोकांनी त्यांना न पाहता ऐकलंय. एकतीस वर्षं ते आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांना प्रॉम्प्टर होते. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरली की पडद्याआडच्या स्टुलावर बसून नटांना संवाद पुरवायचे. समोर बसलेले बाबुलालभाऊ आत्ता हसताहेत, कारण पुढे काय येणार हे त्यांना कळलंय. आंधळगावच्या नाटकात बाबुलालभाऊ राजा होते. मासोळीचं जाळं टाकावं तशी तलवार धरली होती. ह्यांनी आतून हळूच सांगितलं, ‘तलवार उजव्या हातात घे.’ आणि राजेसाहेबांनी भर दरबारात गर्जना केली, ‘तलवार उजव्या हातात घे!’ प्रधानानं बिचाऱ्यानं घेतली. प्रयोगानंतर ह्यांनी वहीच्या कडेला लिहून ठेवलं: बाबुलालला फक्त संवाद द्यावा, सूचना देऊ नये.

त्या वह्यांना ते ‘बाड’ म्हणत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मला हा शब्द माहीत नव्हता. मी म्हणायची, तुमच्या कॉप्या. ते म्हणायचे, कॉपी परीक्षेत करतात, हे बाड आहे. एकेका नाटकाचं एकेक बाड. हातानं लिहिलेलं, निळ्या शाईचं, दोऱ्यानं शिवलेलं. त्यात नुसतं नाटक नसे. कुठे टाळी पडली, कुठे दिवे गेले, कोणत्या गावात कोणतं गाणं दोनदा म्हणावं लागलं, कोणता नट कुठे अडखळतो, सगळं कडेला असे. पुष्कळ नाटकं कधी छापलीच गेली नव्हती. लिहिणारे गेले, मंडळं मोडली, आणि नाटक राहिलं ते या एकाच प्रतीत. अशी सत्तेचाळीस बाडं त्यांच्या लाकडी पेटीत होती. बाकी छापील पुस्तकं अठराशेच्या वर. त्यांना मी खाकी कव्हरं घातली होती आणि पाठीवर नावं लिहिली होती. पेटी मात्र त्यांची. त्या पेटीला मी कव्हर घातलं नाही. आणि, आज सांगून टाकते, त्यातलं एकही बाड मी कधी वाचलं नाही. अक्षर बारीक, एकमेकांत गुंतलेलं. वाटायचं, निवृत्त झाल्यावर सावकाश वाचू. त्यांच्या तोंडून ऐकलं तेवढंच माझं.

ते गेल्यावर, सहा वर्षं झाली, मी इश्वरभाऊंना बोलावलं. म्हटलं, भाऊ, माणसाचा विमा तुम्ही केलात, आता त्यांच्या पुस्तकांचा करा.

इश्वरभाऊ डोकं खाजवत म्हणाले, “वहिनी, सोन्याचा करतो, टीव्हीचा करतो. पुस्तकाचा विमा मोहाडीत कोणी केलाच नाई. पण करू. काहून नाई करू?”

चार दिवस ते आमच्या बैठकीत सतरंजीवर बसले. छापील पुस्तकांवर किंमत असते, तिची यादी झाली. पेटी उघडली तेव्हा मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

“याची किंमत कोणत्या पानावर हाय, वहिनी?”

मी म्हटलं, कोणत्याच नाही.

“मंग मले मोठी पंचाईत झाली. हस्तलिखित असंल तं वेगळं दाखवा लागते, नाईतं मोजत नाईत.”

मी अर्ज भरायला घेतला. माझी सवय इंग्रजीची. पेन टेकवलं आणि इश्वरभाऊ म्हणाले, “आपल्या घरची गोष्ट हाय, मराठीत लिवा ना. लिलाधरभाऊले आवडंल.”

आता सांगा, यात त्या माणसाचं काय चुकलं? मला तर भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांचा शब्द ह्यांच्यासारखा वापरला. माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: बाड. नग, सत्तेचाळीस. इश्वरभाऊंनी खाली सही केली. आम्ही दोघांनी चहा घेतला. मला वाटलं, आज मी खरी या घरची झाले.

कागद नागपूरच्या कुठल्याशा कार्यालयात गेले. तिथे कुणी मुलगी असेल, हिंदी घरातली. तिच्याकडे ‘बाड’ म्हणजे कुंपण. तिनं संगणकात इंग्रजीत लिहिलं: फेन्सिंग. आणि कुंपण काही नगावर मोजत नाहीत, म्हणून बिचारीनं डोकं चालवून सत्तेचाळीस फूट केलं. मला तिचा राग येत नाही. तिनं दिलेलं काम नीट केलं.

मग ती पॉलिसी माझ्या हातात आली. तुम्ही म्हणाल, मॅडम, तुम्हाला तर इंग्रजी येतं. हो, येतं. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं, त्याखाली पेन्सिलनं रेघसुद्धा ओढली. आणि ‘फेन्सिंग’ वाचलं तेव्हा मनात काय आलं माहीत आहे? आमच्या परसात तारेचं कुंपण आहे. मला वाटलं, इश्वरभाऊ किती काळजी करतात, न सांगता कुंपणसुद्धा धरलं! मी कौतुकानं कागद घडी करून कपाटात ठेवला. बाडं त्या यादीत कुठे आहेत, हे शोधायचं मला सुचलंच नाही. दरवर्षी नवा कागद येई, तोही त्याच घडीत जाई.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी आंधळगावला एका बारशाला गेले होते. दुपारी बोळातल्या इन्व्हर्टरनं पेट घेतला. बोळाला लागूनच पुस्तकांची खोली. शेजाऱ्यांनी दार तोडलं, विहिरीचं पाणी मारलं. मी पोचले तेव्हा अंगणात धूर होता आणि इश्वरभाऊ चिखलात बसले होते. पेटी त्यांनी एकट्यानं ओढून बाहेर काढली होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. आज त्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा का घातलाय, हे त्यांनी कुणाला सांगितलं नसेल. मी सांगते. इश्वरभाऊ, रागावू नका.

पेटी तर बाहेर आली. पण आतून धुमसत होती, म्हणून लोकांनी तिच्यावर बादल्या ओतल्या. दुसरं काय करणार होते? आगीनं दोरे खाल्ले आणि पाण्यानं शाई नेली.

आठ दिवसांनी पाहणी करायला एक तरुण साहेब आले. अतिशय सभ्य. हातात टेप. म्हणाले, “मॅडम, आधी फेन्सिंग दाखवता?”

मला कळेना. परसात नेलं. त्यांनी कुंपण मोजलं. म्हणाले, “हे तर सत्तेचाळीसपेक्षा जास्त आहे. आणि काही नुकसान नाही. छान आहे.”

मी त्यांना पेटीकडे नेलं. त्यांनी यादी पाहिली. पुन्हा पाहिली. म्हणाले, “हे कुठे लिहिलं आहे, मॅडम?”

इश्वरभाऊ हाताला पट्टी बांधून मागेच उभे होते. त्यांनी कागद मागितला. त्यांना इंग्रजी फार येत नाही, पण ‘सत्तेचाळीस’ हा आकडा कळला. “फेन्सिंग म्हंजे काय, वहिनी?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते पायरीवर बसले. म्हणाले, “बाड. बाड लिवलं होतं आपण.”

पुढचं सांगण्यासारखं नाही. आम्ही अर्ज केले, पत्रं लिहिली, मूळ कागदाची छायाप्रत जोडली. उत्तर आलं की वस्तू घोषित नव्हती, आणि तशी असती तरी आधी तज्ज्ञाकडून मूल्य ठरवून घ्यायला हवं होतं. भाषा नम्र होती. छापील पुस्तकांचा दावा मंजूर झाला. जी पुस्तकं कोणत्याही दुकानात पुन्हा मिळतात, ती मला परत मिळाली. आणि खरं विचाराल तर, ते पत्र उलटं आलं असतं तरी मी त्या रकमेचं काय आणलं असतं? कोणत्या दुकानात जाऊन म्हटलं असतं, की लिलाधर कहालकरांच्या अक्षरातलं एक द्या?

मित्रहो, निरोपाच्या सभेत हे रडगाणं कशाला, असं कुणाला वाटत असेल तर बरोबर आहे. पण मला दुसरा इलाज उरला नाही. त्या दिवसापासून इश्वरभाऊ माझ्या घरी आलेले नाहीत. फोन केला की मंदाबाई उचलतात आणि म्हणतात, “हे शेतावर गेले जी.” मंदाबाई, तुमचं शेत पार तिकडे लांब कोंढ्याला आहे. दहा महिने माणूस इथून कोंढ्याच्या शेतावर जाऊन राहिला? हसा, हसा. मंदाबाईसुद्धा हसल्या. आता रविवारी हे दोघं कायमचे रायपूरला लेकीकडे, गुड्डीकडे चाललेत. मग मी त्यांना कुठे गाठू? म्हणून हा माईक हातात घेतला.

इश्वरभाऊ, ऐका. पेटीतून तीनेकशे सुटी पानं निघाली आहेत. अर्धी जळलेली, पुसट. मी ती वर्तमानपत्रांवर वाळवली, गेले दहा महिने उलटीसुलटी करते आहे. कोणतं पान कोणत्या नाटकाचं, मला ओळखता येत नाही, कारण मी वाचलंच नव्हतं. बाबुलालभाऊंना विचारलं. त्यांना त्यांचे संवाद आठवतात, तेही सूचनांसकट! दुसऱ्याचं कोण लक्षात ठेवतं? सत्तेचाळीसही बाडं पानन् पान उलटलेला, ह्यांच्यानंतरचा एकच माणूस आहे. तुम्ही. चार दिवस मी स्वयंपाकघरातून पानांचा आवाज ऐकत होते. विम्याचं सोडा. तो विषय माझ्यासाठी संपला. जायच्या आधी एक दिवस माझ्याकडे बसा, आणि जे आठवेल ते सांगा. हे या नाटकातलं, ते त्या नाटकातलं. एवढंच.

मान का हलवता?

उठू नका, बसूनच बोला. अहो, माईक द्या कुणीतरी त्यांना. नको म्हणताहेत. बरं.

मागच्या लोकांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगते. इश्वरभाऊ म्हणाले, “वहिनी, म्या पानं मोजली फक्त. माह्या डायरीत पानं लिवा लागत होती. वाचलं एकबी नाई. माफ करा, वाचाले पायजे होतं.”

जरा पाणी द्या मला.

म्हणजे कुणीच वाचलं नव्हतं.

ठीक आहे. तुम्ही खरं सांगितलंत, हे बरं केलंत. मी उगाच दहा महिने तुमच्या आठवणीवर घर बांधून बसले होते. आणि माफी कसली मागता? तुमच्या हातात ती चार दिवस होती, माझ्या घरात चौतीस वर्षं.

तरी या, इश्वरभाऊ. शनिवारी या, मंदाबाईंना घेऊन. वाचायला नका येऊ, मोजायला या. किती उरलीत ते मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा वेगळं आलं. मधेच डोळे भरतात आणि आकडा सुटतो. तुम्ही मोजा, मी लिहून घेईन. या वेळी कागद कुठे पाठवायचा नाही. तो घरातच राहील.

हो म्हणाले. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत ना? भैयाजी गुरुजी, तुम्ही साक्षी.

अध्यक्ष महाराज, वेळ माझ्याकडून जास्त घेतला गेला. सत्कारमूर्तींचे गुण सांगायला उभी राहिले आणि माझंच दुःख सांगत बसले. आयोजकांनी मला या मानाच्या जागी उभं केलं, तुम्ही उन्हातान्हात येऊन शांतपणे ऐकलंत, यासाठी मी तुम्हा सर्वांची ऋणी आहे. इश्वरभाऊ आणि मंदाबाई, रायपूरला सुखात राहा. बोलताना कुठे अधिकउणं झालं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर पोटात घाला. आणि त्या अर्जाबद्दल कुणी इश्वरभाऊंना बोल लावत असेल, तर त्यानं आजपासून एवढं लक्षात ठेवावं. त्या कागदावरचं अक्षर माझं होतं.

नमस्कार.