मऊ स्प्रिंगा

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. बाबांना तसं वचन दिलंय. पण नुयालिया काका, ती कानस जरा खाली ठेवाल का — नको, राहू दे, चालू दे तुमचं, तुम्ही माझ्याकडे बघितलंत की मला बोलताच येत नाही. बाबांच्या स्नोमोबाईलच्या मागच्या स्प्रिंगा मी बदलल्या. हो, मीच. शाळेच्या वर्कशॉपमध्ये, गेल्या गुरुवारी, ते चर्चच्या सभेला बसले होते तेव्हा. त्यांना माहीत नाही, त्यांना वाटतंय मी नुसते नट आवळून दिले. आणि आज ते समुद्रावरच्या बर्फाच्या कडेवरून परत यायला निघणार, मागे भरलेली स्लेज ओढत, आणि — थांबा, मी नीट पहिल्यापासून सांगते. सहाला अजून पंधरा मिनिटं आहेत ना? आहेत.

त्यांची पाठ गेलीय. घ्या, सांगून टाकलं. तुम्ही म्हणाल, इथे कुणाची धड आहे — वारा बर्फाला दगड करून टाकतो आणि त्या दगडांवरून जन्मभर दिवस दिवस धाड धाड जायचं. पण ही तशी नाही, काका. उजवा पाय त्यांना कधीकधी कळतच नाही, आहे की नाही ते हाताने चाचपून बघतात. सकाळी बूट मी बांधते. आजी तेव्हा मुद्दाम स्टोव्हकडे तोंड करून उभी राहते, उकळलेला चहा परत उकळते. एकदा तर शिकारीहून आले आणि उतरलेच नाहीत, इंजिन बंद करून दाराशी तसेच बसले, मिशीवरचा बर्फ वितळून गेला तरी. मी बाहेर गेले तर हळूच म्हणाले, मला बा म्हणतात ना ते, "बा, कुणाला बोलू नकोस. नर्स मला विमानात घालून दक्षिणेला इस्पितळात धाडेल. मग बर्फात हरवलेल्यांना शोधायला कोण जाईल?" तेव्हापासून मला सोबत नेणंही बंद झालं. आधी प्रत्येक वसंतात न्यायचे. मला वाटायचं मी मोठी झाले म्हणून असेल. तसं नाही, वाटेत दर थोड्या वेळाने उतरून ते बर्फावर उताणे पडतात, आणि ते मी बघायला नको म्हणून.

म्हणून मी स्प्रिंगा मागवल्या, नवे शॉक-अ‍ॅब्सॉर्बरही. सबंध हिवाळा सीलच्या कातड्याचे हातमोजे शिवले, विकले, टपालाच्या विमानाने खोकं आलं ते पलंगाखाली ढकललं. त्यांना विचारलं असतं तर? नाही म्हणाले असते. मऊ गाडी म्हणजे म्हाताऱ्याची गाडी, असंच म्हणतात ना सगळे पुरुष — तुम्हीही म्हणता, मी ऐकलंय. बसवायला पाच तास लागले. जुनी स्प्रिंग सुटताना इतक्या जोरात उसळली की भिंतीला खड्डा पडला, तो मी नकाशाखाली झाकलाय. मग मागच्या बाजूला ती आकडे घातलेली चकती असते ना, एक ते पाच — स्प्रिंग किती ताणायची त्याची — ती मी एकावर ठेवली. सगळ्यांत मऊ. वर बसून उड्या मारून बघितल्या. गादी हो, नुसती गादी. शनिवारी बाबा निघाले, स्लेज रिकामीच होती म्हणा, तंबू आणि तेलाचे डबे एवढंच. तुम्हाला ठाऊक आहे ते कसे चालवतात, एक गुडघा सीटवर टेकवून, कधी बसायचे नाहीत. पहिल्या उंचवट्यावर गाडी लोण्यासारखी गेली. त्यांनी मागे वळून बघितलं, गाडीकडे, मग माझ्याकडे. आणि बसले. काका, वर्षभरात पहिल्यांदा ते चालत्या गाडीवर सरळ बसले. मी घरात जाऊन रडले, आनंदानेच.

आज मघाशी जुन्या स्प्रिंगा लपवायला खोकं काढलं तर तळाशी सूचनांच्या कागदाचं दुसरं पान चिकटलेलं. मी पहिल्या पानावरच्या चित्रावरूनच सगळं केलं होतं. चित्रात एक माणूस हसतोय, एकटा, मागे काही नाही. तिकडे लोक गाडी मजेसाठी चालवतात, ते मी विसरलेच, काका, स्लेज मी विसरले. आपल्याकडे कोण विसरतं स्लेज? दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, काही ओढायचं असेल तर चकती पाचावर. नाहीतर ओढताना गाडी मागे बसते आणि पुढच्या दोन्ही स्की बर्फावरून उचलल्या जातात — तुम्हाला मी काय सांगते, तुम्हालाच जास्त कळतं. हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाणार. आणि वाटेत त्या कड्याच्या नाकाला वळण आहे. एका हाताला कडा, एका हाताला पाणी, मधे बर्फ किती, तर ह्या गॅरेजच्या दाराएवढा, आणि तोही प्रवाह खालून खात असतो. तुमच्या भावाची गाडी तिथेच — माफ करा. मी ते बोलायला नको होतं. काल रेडिओवर बाबा म्हणाले, सात सील मिळाले. आजी केवढी हसली. तेव्हा मीही हसले.

तुमची गाडी? दिसतंय मला, पट्टा जमिनीवर पडलाय. बाकी सगळे तलावावर गेलेत, मासेमारीच्या शर्यतीला, तिथून वळले तरी चार तास. बाबा सहाला रेडिओवर बोलतील आणि लगेच निघतील, भरती आली की नाकाजवळचा बर्फ हलतो म्हणून. म्हणजे ही एकच वेळ आहे. दोन मिनिटांचं काम आहे, पाना सीटखालीच असतो. नुसतं कुणीतरी सांगायला हवं. काका, तुम्ही सांगाल? तुम्ही मेकॅनिक आहात, तुम्ही बाबांना म्हणालात की अकीशू, चकती पाचावर घे, तर ते —

नाक मुरडलंत. म्हणजे नाही.

का नाही? हो, ते विचारतील कुठली चकती, माझ्या गाडीच्या स्प्रिंगा घट्टच आहेत, तू तुझा पट्टा सांभाळ. हसतील आणि निघतील. बरोबर आहे. कुणी बदलल्या आणि का, ते सांगितल्याशिवाय ते खाली वाकणारच नाहीत, वाकायला त्यांना किती त्रास होतो. आणि ते रेडिओवर बोलायचं म्हणजे — प्रत्येक स्वयंपाकघरात रेडिओ चालू आहे, तलावावरच्या तंबूंतसुद्धा. नर्सकडेही आहे. सगळ्या गावाला पाठ कळणार. मी आजवर रेडिओवर बोलायचं बटणसुद्धा दाबलेलं नाही, वर्गात हजेरीला मी नुसत्या भुवया उचलते. आणि माझं ऐकतील ते? आजोबांचं नाव माझ्यावर आहे, म्हणजे मीच त्यांचा बाप, म्हणून मला बा म्हणतात, पहिला घास मला देतात, आजीसुद्धा मला अहो-जाहो करते, पण ते घरात, लाडात. बर्फावर त्यांना कुणी —

तुम्ही भुवया उचलल्यात. ऐकतील? खरंच? आजोबांनी थांब म्हटलं की बाबा थांबायचे? कधी — नाकाजवळच? मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी इथे एकदा म्हणून बघू? तुम्ही कानस चालू ठेवा. अकीशू, थांब. नाही, आजोबा असं हळू नसतील बोलत. अकीशू, तिथेच थांब, मी तुझा बा बोलतोय. मागच्या स्प्रिंगेशी चकती आहे ती —

आजी. दारात आली बघा, पायात नुसते मोजे. "अहो, चला लवकर, पोरगा बोलायला लागला तुमचा." आले, आले. काका, तुमचा रेडिओ बंद करा, मला लाज वाटते — नको, चालूच ठेवा, मी चुकले तर मधे बोला, मी म्हणणार आहे, अकीशू, स्प्रिंगा मी बदलल्यात, तुझी पाठ मला बघवत —

"अहो!"