शेजारची खिडकी

विद्यापीठाच्या तिकीटघरासमोर उद्याच्या बास्केटबॉल सामन्यासाठी इमारतीला वळसा घालून रांग लागली होती. नाट्यविभागाचे सर त्याच रांगेत मफलर नाकापर्यंत ओढून उभे होते. त्यांच्या पुढ्यात एक नवराबायको होते.

“अहो, ती शेजारची खिडकी रिकामी आहे.”

“नाटकाची आहे, म्हणून रिकामी आहे.”

“उद्या मॅचच्याच वेळी आहे ते, आणि त्याच नाटकात आपली लेक राणी झालीय.”

“पण राणी दुसऱ्याच अंकात मरते, असं तूच सांगितलंस. मॅच कशी, शेवटपर्यंत चालते.”

“पोरगी महिनाभर घसा कोरडा करतेय, आणि बाप मॅचला?”

“अगं, नाट्यगृहाचं गळकं छप्पर कोणाच्या जिवावर बदललं? मॅचच्या तिकिटांवर. म्हणजे मी तिच्या डोक्यावर छप्परच धरतोय की.”

“आणि समोर कोणीच नसलं तर?”

“तर काय?”

“त्यांचे सर म्हणतात, समोर एक जरी माणूस बसला, तरी जीव ओतून काम करायचं.”

“मग झालं तर. सर बसतील ना समोर.”

सर खोकले. बाईंनी मागे वळून पाहिलं.

“अय्या, सर, तुम्ही इथे? नाटकाची खिडकी ती आहे.”

“हो का? चुकलोच मी,” असं म्हणत सर बाईंच्या मागोमाग शेजारच्या खिडकीकडे निघाले.

“सर,” नवऱ्याने हळूच विचारलं, “तुमचंही काढून ठेवू का?”

बाई पुढे गेल्याची सरांनी खात्री केली.

“पुढच्या रांगेतलं मिळालं तर बघा.”