वाचले असे समजावे

...नाही, मला एक सांगा, भाषण 'वाचले असे समजावे' म्हणजे काय? अं? उद्या मी माझ्या लॉन्ड्रीच्या काउंटरवर गिऱ्हाइकाला सांगू का, 'साहेब, तुमचा कोट धुतला असे समजावे'? दुकान फोडतील माझं! पण विद्यापीठात चालतं. पदवीदान समारंभात, भरल्या सभागृहात, माइकवरून चालतं! अहो, बोलू द्या ना माणसाला!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा बाबा एवढा तापलाय कशावर. तर आमची ही... ही म्हणजे माझी बायको, इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर. आयुष्यभर एकच वाक्य बोलत आली, 'थांबा हं, जोडून देते.' सगळ्या जगाची बोलणी हिनं जुळवून दिली, आणि स्वतःला काही बोलायचं असलं की समोरचा म्हणणार, 'नंतर बोलू.' मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, आणि पन्नाशीला हिनं ठरवलं, राहिलेलं शिक्षण पुरं करायचं. संध्याकाळच्या वर्गाला. इतिहास घेऊन! मी म्हटलं, 'अगं, आता कशाला?' तर म्हणाली, 'अहो, दिवसभर जिवंत माणसांचं ऐकते, संध्याकाळी मेलेल्यांचं ऐकेन. ते निदान ओरडत तरी नाहीत.'

आणि शिकली हो! बसमध्ये उभ्यानं वाचायची, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता वाचायची, शिट्ट्या चुकायच्या, भात करपायचा, मी करपलेला खायचो. वर्गात सोबतीला कोण? एक नर्स, एक बसड्रायव्हर, बेकरीत काम करणारी एक बाई आणि रात्रपाळीच्या आधी तास करून जाणारा एक वॉचमन. सगळे दिवसभर राबून आलेले, जांभया दाबत लिहिणारे. आणि ही वर्गात पहिली आली! विद्यापीठातून फोन आला, 'पदवीदानात विद्यार्थ्यांच्या वतीनं दोघं बोलणार, दिवसाच्या विभागाचा एक आणि संध्याकाळचा एक. संध्याकाळतर्फे तुम्ही.' फोन ठेवला, ओट्याला टेकली आणि हसत सुटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं हसताना बघितलं नव्हतं मी हिला.

आणि त्याच आठवड्यात बातमी, संध्याकाळचे वर्ग पुढल्या वर्षापासून बंद! का? तर म्हणे, विद्यार्थी कमी आणि विजेचं बिल जास्त. म्हणजे कौतुकाला हिला स्टेजवर उभी करायची आणि मागच्या मागं वर्गाला कुलूप! हीसुद्धा काय कच्ची आहे का, भाषण लिहिलं ते सगळं त्याच्यावर. साधं, सरळ, कुणाला शिवी नाही, टोमणा नाही. मला वाचून दाखवलं तर मी इस्त्री तशीच ठेवून ऐकत बसलो, एक शर्ट जाळला.

मग ते भाषण गेलं समारंभाचं सगळं बघणाऱ्या बाईंकडे. गोड बोलणं, साखरच सांडत होती फोनमधून! 'अय्या, किती सुंदर लिहिलंयत हो ताई! अगदी काळजाला भिडलं! फक्त एवढा परिच्छेद काढूया हं. आणि हा खालचा. आणि हे जरा नकारात्मक वाटतंय, नाही का?' करता करता राहिलं काय? 'आदरणीय व्यासपीठ' आणि 'धन्यवाद'! मध्ये बाईंनी स्वतःच्या हातानं घातलं, 'ज्ञानाची ज्योत अखंड तेवत राहो.' ज्योत! वर्गातले दिवे बंद करताय आणि ज्योत म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ही म्हणते, 'जाऊ द्या हो, बोलायला तरी मिळतंय ना.' अहो पण स्वतःचं बोलू द्या ना माणसाला!

समारंभाचा दिवस. सभागृहात एसी असा, की मुडदे ठेवावेत. हिला मिळालेला काळा झगा, त्याच्या बाहीवर कुणाच्या तरी चहाचा डाग, माझा जीव वरखाली! टोपी सारखी नाकावर. आधी दिवसाचा तो मुलगा बोलला. पोरगं हुशार, चांगलं बोललं, त्याच्यावर माझा राग नाही. मग उठले प्रमुख पाहुणे, कुठल्याशा कारखान्याचे मालक. 'मी अगदी थोडक्यात बोलणार आहे.' असं म्हणून जे सुटले... त्यांचे आजोबा, आजोबांची सायकल, मग पहिला कारखाना, दुसरा कारखाना, दुसऱ्या कारखान्याचं छप्पर! माझ्या शेजारचा माणूस घोरून उठला तरी छप्पर चालूच! ही पुढच्या रांगेत ताठ बसलेली, घसा खाकरून खाकरून तयार.

आणि ते खाली बसले, तशा आपल्या साखरेच्या बाई माइकवर आल्या, 'वेळेअभावी संध्याकाळ विभागाच्या विद्यार्थिनीचं मनोगत वाचले असे समजावे.' आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! कशाला? काय समजून?

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. उभाच राहिलो. 'अहो, बोलू द्या ना माणसाला!' सगळं सभागृह वळलं. मुलगी माझा शर्ट ओढतेय, 'बाबा, बसा ना, सगळे बघतायत!' 'बघू देत!' शिपाई धावत आला, 'काका, खाली बसा.' म्हटलं, 'काका कुणाला म्हणतोस, नवरा आहे मी तिचा!' बसवलं मला. दोघांनी धरून बसवलं.

मग पदव्या वाटणं सुरू. हिची पाळी आली. कुलगुरूंनी फोटोपुरतं हसून पदवी दिली, हिनं घेतली, आणि खाली उतरायचं सोडून ही वळली ती सरळ माइककडे! बाई म्हणतायत, 'ताई, इकडून उतरा, इकडून...' ही म्हणाली, 'थांबा हं.' असा आवाज, की बाई जागच्या जागी थांबल्या! भले भले सर्जन त्या आवाजाला फोन धरून उभे राहतात!

म्हणाली, 'संध्याकाळचे वर्ग बंद करू नका. आम्ही दिवसा मोकळे असतो, तर वेळेवरच शिकलो नसतो का?' खट्! माइक बंद केला कुणीतरी. ही तशीच बोलत राहिली, बिनमाइकची, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी. 'माझी बेकरीतली मैत्रीण तिथं मागं बसलीय. कामापायी तिचं एक वर्ष मागं राहिलंय. ते तिला शिकवले असे समजायचं का?'

आणि मग मागं ती बेकरीतली बाई उभी राहिली. मग नर्स, मग ड्रायव्हर, आणि, तुम्हाला सांगतो, दिवसाचा तो हुशार मुलगासुद्धा! टाळ्या अशा, की मला माझंच ओरडणं ऐकू येईना. कुलगुरू घाम पुसत म्हणाले, 'विचार करू, विचार करू.'

केला हो विचार! वर्ग चालू ठेवले. पण अट घातली, विद्यार्थ्यांची संख्या भरली पाहिजे. मग काय, ही सुटली! फोनवर सुरू, 'थांबा हं, डॉक्टरांना जोडून देते... बरं, तुमचं शिक्षण कुठवर झालंय?' वॉर्डबॉय धरले, पेशंटचे नातेवाईक धरले. आणि शेवटी एकच जागा उरली. जेवताना माझ्याकडं बघत बसली. मी म्हटलं, 'काय?' म्हणाली, 'काही नाही. सही करा.'

काल पहिला तास झाला. सरांनी सगळ्यांत आधी मलाच उठवलं, 'काका, बोला, साम्राज्यं का बुडतात?' आणि इतका बडबड्या मी, माझ्या तोंडून शब्द फुटेना! घरी येऊन हिला सांगितलं, वाटलं कीव येईल. तर म्हणाली, 'मागं बसलात ना? उद्यापासून पहिल्या बाकावर बसा.'

बसतोय आता. तीन वर्षांचा कोर्स आहे हो!