लाईटच्या बटणाची हाक

हसू नका, पण आमच्या सालवडच्या घरात आई बाबांना हाक मारायचीच नाही. ती लाईटचं बटण दाबायची. बाबांची सगळी नोकरी बोईसरच्या कारखान्यात प्रेस मशीनवर गेली, कानही तिथेच गेले. त्या धडधडीत भोंगा ऐकू येत नसे, म्हणून सुट्टी झाली की तिथे दिवा लुकलुकवायचे. तीच युक्ती बाबांनी आईला शिकवली. लाईट लुकलुकली की जेवायला यायचं.

"कानाला मशीन लावू या," मी म्हटलं की चिडायचे. "घरात लाईट हाय ना?"

पण नाक्यावर मित्रांत लाईट कोण लुकलुकवणार? सगळे हसले की बाबाही उगाच हसायचे. मग तिथे जाणंच सोडलं. शेवटी मी त्यांना पालघरला कानाच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं. तपासणी झाली, मशीन बसलं.

त्याच संध्याकाळी आईनं सवयीनं बटण दाबलं. बाबा खुर्चीतून हलले नाहीत. तिनं परत दाबलं. तरी नाही.

आई माझ्यावरच उखडली. "बघ तुझं मशीन! आता यांना दिसत पण नाय!"

मग दारात येऊन, जरा लाजतच, ती म्हणाली, "अहो, जेवायला चला."

बाबा तसेच बसून. मी त्यांच्याजवळ जाऊन वाकले.

"बाबा, ऐकू नाही आलं?"

"आलं गं," ते म्हणाले. "तिला सांग, अजून एकदा बोलव."