खालचा आकडा

न्हाय न्हाय, त्या खुर्चीवर नगं, पावणं, कट्ट्यावर बसा — त्या खुर्चीचा मागचा पाय नुसता टेकवून ठेवलाय, बसलं की माणूस गोठ्याकडं तोंड करून आडवं होतंय. मीच ठेवलीया. वर्सात अकरा जण पडलं, त्यात विमेवाले तीन. तुम्हाला सोडलं, कारण तुम्हाला आज एकदा फसवून झालंय — मघाशी दारात इचारला न्हवं, क्रांतीताईंचं घर कुठलं म्हणून, आणि मी पाण्याच्या टाकीकडं बोट केलं, ते मुद्दाम केलं. घर ह्येच. क्रांती माझी सून, मी तिचा सासरा, गुंडू. पाणी प्या. प्या की, त्यात काय न्हाय घातलेलं.

सूनबाई हुपरीला गेलीया, दुपारच्या एस्टीनं यील. नऊ वर्सं झाली बगा — हुपरीच्या शेटकडनं चांदीची पैंजणं आणायची, हितं बसून एक एक घुंगरू जोडायचं आणि परत नेऊन द्यायचं. मजुरी किती, तर सांगाय लाज वाटावी. आता म्हणती, आबा, पैंजणं जोडायचं सोताचं मशीन घेते, दोन बायका हाताखाली घेते, शेटची हमाली बास. त्यासाठनंच तुमच्या बँकेत अर्ज टाकलाय तिनं आणि तुम्ही घर बगाय आलाय — बगा, सगळं बगा. पोरगा अमरसिंह कागलला कंपनीत हाय, कायम हाय, लिवा. म्हशी दोन, त्यातली एक लाथ मारती, तेवढं लिवू नका. आणि ही आतली खोली. जमिनीवर खडूनं चौकट आखलीया न्हवं — तिथं मशीन बसणार. दिवाळीच्या आदी आखलीया, लादी पुसली की परत आखती. फोटू काढायचा तर काढा, पण चौकटीत पाय नगं.

काय म्हटला? क्रेडिट कार्डाचं?

आस्सं. म्हंजे ते तुमच्या कागदावर आलंय तर. दोन हप्तं कमी भरलं, तिसऱ्याला भरलंच न्हाय, ह्येच न्हवं? मला वाटलं हितल्या हितं मिटलं. कुणाला ठावं, असलं लांबपतोर जातंय म्हणून.

आता बगा, कार्ड सूनबाईचं, पण त्याचा मेसेज यायचा माझ्या फोनवर. कार्ड काढलं तवा तिचा फोन म्हशीच्या बादलीत पडलेला — पडलेला म्हंजे, पडलाच, दर टायमाला माझ्याकडं बगू नका — म्हणून नंबर माझा दिला. आणि मी दुसरी नापास. अक्षरं म्हंजे मला मुंग्या. पण आकडा कळतो, आकड्यात गुंडूला कोण फसवणार न्हाय, दूध संस्थेत चाळीस वर्सं दूध घातलंय. सूनबाईनं एकदा बसवून सांगिटलं मला — आबा, बारा तारखेला बिल पडतंय, तेरापासनं पुढच्या बारापतोर जे घ्यायचं ते एका बिलात, आणि ते भरायची शेवटची तारीख त्याच्या पुढच्या महिन्याची दोन. म्हटलं, पोरी, ह्यात शिकवायचं काय हाय? आमचं दुधाचं बिल दहा दिवसाला पडतंय, तुझं महिन्याला पडतंय, एवढंच की. आणि मग मला आतली गंमत कळली — तेरा तारखेला घेतलेलं सामान त्या महिन्याच्या बिलात येतच न्हाय, पार पुढच्या बिलात जातंय, म्हंजे भरायला पन्नास दिवस. आणि तेच बारा तारखेला घेतलं तर ईसच दिवस. एका रात्रीचा फरक बगा. मग काय, मी गल्लीचा कार्ड-मास्तर. कट्ट्यावर बसून सांगाय लागलो, तेरा तारीख, तेरा तारीख. आमचा शेजारी पिराजी, त्येचं कार्ड दुसऱ्या बँकेचं, त्येनं माझं ऐकून तेराला वॉशिंग मशीन आणलं — आणि त्येचं बिल पडायचं चौदाला. प्रत्येकाच्या कार्डाची तारीख येगळी असती, हे मास्तरालाच ठावं न्हाय. पिराजी महिनाभर बोलला न्हाय माझ्याशी. त्यो महिना तसा बरा गेला.

हसालाय? हसा. पुढचं ऐकल्यावर हसशीला का बगतो.

दुधाच्या बिलाची चिठ्ठी बगितलीया कवा? तुम्ही शहरातली, पिशवीतलं दूध बगितलेली. त्या चिठ्ठीवर वर असतोय मोठा आकडा, एकूण दुधाचा. त्यातनं संस्था आपली आपण कापून घेती — पेंडीचं पोतं नेलं असंल त्येचं, डॉक्टर आला असंल त्येचं — आणि सगळं कापून खाली उरतोय बारका आकडा. खरा त्योच. वरचा बगून खुळ्यानं खुश व्हायचं, शहाण्यानं खालचा बगायचा. चाळीस वर्सं मी खालचा बगतोय. आता तुमचा मेसेज आला. वर आकडा, अठरा हजार चारशे. खाली आकडा, नऊशे ईस. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्यानं काय समजायचं? मी समजलो, बँकेनं आपलं आपण कापून घेतलं, दुधाचं पैसं त्याच बँकेत जमा होत्यात न्हवं, आणि हातावर द्यायचं ऱ्हायलं नऊशे ईस. सूनबाईला सांगिटलं, नऊशे ईस भर गं. ती म्हटली, आबा, एवढंच कसं, आपण पेंड घेतली, चांदी कापायची कातर घेतली, ह्यांच्या गाडीचा टायर घेतला. म्हटलं, तुला हिशेब जास्त कळतोय का मला? आणि मेसेज दाखवा म्हटली तर म्हटलं पुसला. पुसला न्हवता. मास्तराला तपासलेलं खपत न्हाय.

दुसऱ्या महिन्याला वरचा आकडा बाविसावर, खाली अकराशे. तवा तरी डोस्कं चालायला पायजे होतं की न्हाय? न्हाय चाललं. उलटं म्हटलं, बँक किती प्रामाणिक हाय, एवढं मोठं कापून घेती आणि कुरकुर न्हाय. तिसऱ्याला म्हटलं, ह्ये खालचं तरी कशाला भरायचं, संस्था बाकी पुढच्या बिलाला ओढती, तसं ओढतील ह्येबी. सूनबाईला सांगिटलं, ह्या महिन्याला काय न्हाय, निल. निल म्हटलं मी. इंग्रजीत.

मग फोन चालू झालं. एक पोरगी रोज अकराला. मी म्हणायचो, ह्यो नंबर बँडवाल्याचा हाय, लगीन कवा हाय तुमचं? चार दिवस खेळवली तिला. पाचव्या दिवशी ती म्हटली, काका, तुमच्या घरातल्या बाईचं नाव खराब व्हायलंय, तुम्ही हसालाय काय. तसाच उठलो आणि बँकेत गेलो. तिथल्या सायबानं कागदावर रेघ मारून समजावलं — खालचा आकडा म्हंजे उरलेलं न्हवं, काका, खालचा म्हंजे कमीत कमी एवढं तरी टाका, न्हायतर दंड. वरचं सगळं तसंच अंगावर ऱ्हातंय. वर रोजचं व्याज. आणि सगळं भरल्याबिगर पुढच्या सामानाला तुमचं ते पन्नास दिवस मिळतच न्हाईत, घेतल्या दिवसापासनं व्याज. म्हंजे मी कट्ट्यावर तेरा तारीख शिकवत होतो न्हवं, तवा आमच्या घरात तेरा तारीख मरूनच पडलेली.

घरी आलो ते सांगायचं ठरवून. देवाशप्पत. दारातनंच हाक मारणार होतो. तर ही आत गुडघ्यावर बसून खडूनं ती चौकट आखालती. टेप न्हवती, तर वितीनं मोजालती. माझ्याकडं बगून म्हटली, आबा, हितनं तुमची काठी आत घालायची न्हाय हां. मी काय बोललो सांगू? चा ठेव म्हटलं.

तवापासनं मी त्या खोलीत भिंतीकडंनं जातोय.

मग पुढं मेसेज यायचं बंदच झालं की. एकदम. फोनबी बंद. म्हटलं, बँक कटाळली, सोडून दिलं. एवढा मी हुशार. आणि आज तुम्ही दारात. खरं सांगू का, टाकीपतोर पाठवलं ते गंमत म्हणून न्हवं. वाटलं, उनात कटाळून परत जाशीला. तुम्ही मेलं चिवट निघाला.

तर आता लिवा. हप्तं का थकलं म्हणून लिवायचा त्यो रकाना मोकळा हाय न्हवं? सासऱ्यानं घोळ केला, म्हणावं. सुनंचा काय दोष न्हाय, तिनं इचारलंवतं, त्येनंच खोटं सांगिटलं. सही येती मला, पण अंगठा लई ठळक उठतोय, अंगठा घ्या. तिचं मशीन माझ्यापायी अडकलं न्हवं, तर मी ह्या घरात तोंड कुठं — लिवा की. लिवत का न्हाईसा?

मोकळा न्हाय? कोण लिवलंय?

तिनं लिवून दिलंय. बँकेत येऊन. बरं. वाचा काय लिवलंय ते. मला काय बोट लावून दाखवालाय, मला मुंग्या दिसत्यात. मोठ्यानं वाचा.

परत वाचा.

"माझ्या विसरण्यामुळे." विसरली? क्रांती? पावणं, ती गॅस बंद केलाय का बगायला दोनदा उठती. ती शेटचं घुंगरू मोजून आणती आणि मोजून देती, नऊ वर्सांत एक इकडचं तिकडं न्हाय. आणि सगळं भरलं कवा म्हटला? डिसेंबरात? एकदम? कशातनं —

आणि नंबर तिनंच बदलून घेतला. तिच्या फोनचा दिला. म्हणून मेसेज बंद.

चार महिनं झालं म्हंजे तिला कळून. रोज सकाळी चा देती मला. साखर किती, म्हणून इचारती. तेवढंच इचारती.

थांबा. थांबा, त्यो पेन ठेवा. काय लिवू नका. तिनं लिवलंय त्येच ऱ्हावं — ती विसरली. आणि मी? मी काय बोललो, कायबी न्हाय. म्हातारा हाय, वेळ जात न्हाय, पावणं दिसलं की थापा मारतोय, अख्ख्या उचगावात कुणालाबी इचारा. मला काय कळतंय कार्डातलं, दुसरी नापास माणूस. फोटू झालं न्हवं तुमचं? मग निघा आता. एस्टी यायची वेळ झालीया, ती यायच्या आत निघा — आणि जाताना कुठं भेटलीच, तर म्हातारा झोपलावता म्हणून सांगा. जावा.