चार खुणांची पट्टी

फोटो नको म्हटलं न्हवं, पावणं. कॅमेरा पिशवीत घाला आधी. — बसा. तुमच्या फार्मसी कॉलेजातल्या पोरांना काय सांगायचं ते मी तोंडी सांगतो. व्हय, ह्या औषधाच्या दुकानात बाटल्या आम्ही फेकत न्हवतो. गिऱ्हाईक घरनं बाटली आणायचं, मी ती राखंनं घासायचा, उकळायचा, उलटी वाळवायचा, मग मिक्श्चर भरायचा. चाळीस वर्सं हेच केलं. कचरा हुईलच कसा? तुम्ही आता त्याला पर्यावरण म्हणताय. आमच्यात ते रोजचं काम हुतं.

डोस कसा कळायचा? कागदाची पट्टी दुमडून कातरायची, खळीनं बाटलीला चिकटवायची. जेवढ्या खुणा, तेवढे डोस. वाचता येत न्हाय त्यालाबी कळतंय. मला तरी कुठं येतंय — हे लिवू नका. आकडा कळतो, बास.

काय म्हणालासा? जुनीच पट्टी परत चालायची काय? न्हाय. — एकदा. ब्याण्णव साली. राधानगरीकडची चिमणाबाई सासूचं औषध न्यायला आली, अंबूबाईचं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर आठ डोस. बाटलीवर जुनी पट्टी, चार खुणांची, अगदी कोरी दिसत हुती. म्हटलं, चांगला कागद कशाला वाया घालवायचा. तुमच्यासारखंच की. तिनं खुणंबरहुकूम पाजलं, म्हंजे दुप्पट. म्हातारी दोन दिवस उठली न्हाय. जगली, पण समद्यांनी धरलं काय — सुनंनं मुद्दाम पाजलं. तिसऱ्या दिवशी चिमणाबाई ती बाटली घिऊन हितं आली, ह्याच फळीपुढं उभी. म्हणाली, आण्णा, तुमीच सांगा आमच्या माणसांना, खुणा किती हाईत. मी बाटली घेतली, वल्या फडक्यानं पुसली. पट्टी निघून आली — न्हाय, निघून आली न्हाय, मी काढली. आणि म्हटलं, कुठं हाय पट्टी? नवऱ्यानं तिला चंदगडला माहेरी धाडली. परत आणली न्हाय.

असं काय बघताय? बाटल्या परत घ्या, मी नको म्हणत न्हाय. पण आधीची पट्टी खरवडायची, दर वक्ताला, आणि नवी लावल्याशिवाय बाटली फळीवर ठेवायची न्हाय. एवढं पोरांना शिकवा. बाकीचं त्यांना येतंय.

आणि तुम्ही आणलेला तो सत्काराचा कागद काढा. वाचा काय लिवलंय. — असं व्हय, 'ईरप्पा आण्णा, चाळीस वर्सांत एकबी चूक न्हाय.' खोडा ते. पेन हाय की खिशात. — माझ्यादेखत खोडा.

खोडलं? मग उठा. दुकान बंद हाय.