पूजेतला चिमटा

मी, निलम एकनाथ सावे, वय २९ वर्षे, व्यवसाय नोकरी (बायोमेडिकल इंजिनिअर), राहणार बोर्डी, तालुका डहाणू, जिल्हा पालघर. आज दसऱ्याच्या दिवशी, सापडलेली वस्तू ओळखण्यासाठी बोलावल्यावरून तलासरी येथील पोलीस ठाण्यात हजर आहे. विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे.

एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शस्त्रक्रिया विभागाचे तलासरीत ग्रामीण केंद्र आहे. तेथे मी नोकरीस आहे. नवीन डॉक्टर शिकताना आतडे चिमट्यात फार जोराने धरतात आणि आतड्याला इजा होते. त्यासाठी मी एक चिमटा बनविला. त्याच्या टोकाशी सेन्सर आहे. पकड जास्त झाली की मुठीजवळचा दिवा लाल होतो. या कामाला यंदा तीन वर्षांचे संशोधन अनुदान मंजूर झाले. मुख्य संशोधक म्हणून केंद्रातील सर्जन डॉ. दीप्ती सुदर्शन गुप्ते यांचे नाव आहे. माझे नाव 'तांत्रिक साहाय्य' या सदरात आहे.

अनुदान मिळाल्यावर महाविद्यालयात सत्कार झाला. डॉ. दीप्ती यांना शाल व श्रीफळ देण्यात आले. भाषणात त्या 'माझा चिमटा' असे म्हणाल्या. मी स्लाइड बदलायला लॅपटॉपजवळ उभी होते. व्यासपीठावरून खाली उतरल्यावर त्या मला म्हणाल्या, "अगं, पुढच्या अर्जात तुझं नाव वर घेऊ. या वेळी घाई झाली." मी बरं म्हटले.

आमची ओळख किती जुनी, असे अंमलदारांनी विचारले म्हणून सांगते. आम्ही बोर्डीला एका वर्गात होतो. त्यांचे वडील रेल्वेत होते, त्या डहाणूहून बसने येत. दहावीला मी शाळेत पहिली आले, त्या तिसऱ्या. केंद्रात मी त्यांना मॅडम म्हणते.

काल खंडेनवमी होती. केंद्रात दरवर्षी थिएटरबाहेरच्या खोलीत हत्यारांची पूजा होते. तातडीच्या ऑपरेशनचा संच वेगळा काढून ठेवतात. पूजेत मांडलेल्या हत्यारांना दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कोणी हात लावत नाही. मांडणी आया नवशी सुक्या करबट, राहणार कैनाड, या करतात. आम्ही त्यांना नवशीबाय म्हणतो.

डॉ. दीप्ती यांनी कपाटातून चिमटा आणून पाटावर ठेवला. कपाटात दोन चिमटे असतात. एक चालू, दुसरा नुसता दाखवण्याचा. दाखवण्याचा प्लास्टिकचा असून त्याला चंदेरी रंग दिलेला आहे, आत काही नाही. त्यांनी चालू चिमटा आणला होता. मी म्हटले, "मॅडम, हा खरा आहे. हा नको." त्या हसल्या. "मग देवापुढे डुप्लिकेट मांडू? तुझं पण ना, निलम!" मी म्हटले, ओलावा गेला तर सेन्सर बाद होईल. नवशीबाय हातात तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बाय, पानी शिंपडल्याबिगर पूजा नाय होत. देव काय सुका बसतो?" सगळे हसले. फोटो काढायचा होता, म्हणून डॉ. दीप्ती यांनी अनुदानाचे पत्रही पाटावर ठेवले.

फोटो झाल्यावर, पाणी शिंपडण्यापूर्वी, सर्वजण प्रसाद आणायला गेले. मी चालू चिमटा उचलला, त्याच्या जागी प्लास्टिकचा ठेवला आणि वर झेंडू सारखा केला. चालू चिमटा पुसून पर्समध्ये घातला व घरी नेला. हे मी कोणाला सांगितले नाही.

आज सकाळी डॉ. दीप्ती यांचा मला फोन आला. उत्तरपूजा होऊन पाट रिकामा होता. अनुदानाची समिती उद्या येणार आहे. चिमटा चालवून दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता मिळणार नाही. त्या म्हणाल्या, "निलम, पूजेतला चिमटा कुठे गेला?" मी म्हटले, "पूजेतला मला माहीत नाही." हे उत्तर खरे होते. त्या म्हणाल्या, "उद्या मी काय दाखवू त्यांना? आपट्याची पानं?" त्या रडत असाव्यात. चिमटा माझ्यासमोर टेबलावर होता. त्यांनी फोन ठेवेपर्यंत मी ऐकत होते.

पाट नवशीबायने आवरला होता, म्हणून डॉ. दीप्ती यांनी तिच्यावर संशय धरून तक्रार दिली. नवशीबाय निर्माल्य नदीत टाकत नाही, पदरात बांधून घरी नेते आणि परसात भोपळ्याच्या वेलाखाली टाकते. तेथेच पोलिसांना चिमटा सापडला. मी ठाण्यात आले तेव्हा तो पिशवीत, माती-कुंकवाने भरलेला, टेबलावर होता. नवशीबाय बाकावर होती. तिचा नवरा दाराशी उकिडवा बसला होता.

नवशीबाय म्हणत होती, "साहेब, लोखंड पदरात घेऊन मी कैनाडपावत चालंन आणि मना कळायचं नाय? निर्माल्यात फुलंच होती."

डॉ. दीप्ती म्हणाल्या, "मग हा काय भोपळ्याला लागला?"

एक शिपाई हसला. अंमलदारांनी डॉ. दीप्ती यांना वस्तू ओळखता का असे विचारले. त्यांनी पिशवीकडे पाहून "हाच" असे सांगितले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांग ना निलम, हाच ना आपला?" 'आपला' असे त्या प्रथमच म्हणाल्या.

मी म्हटले, "मॅडम, हातात घेऊन बघा."

अंमलदारांनी पिशवी उघडून दिली. डॉ. दीप्ती यांनी चिमटा हातात घेतला. तळहातावर तोलून त्या म्हणाल्या, "हा हलका आहे." मी पर्समधून चालू चिमटा काढून टेबलावर ठेवला व दाबून दाखवला. दिवा लाल झाला.

नवशीबाय म्हणाली, "बाय, हा तुझ्यापाशीच होता? मना गाडीत घालून आणली, तवा पन?"

मी होय म्हटले. तिने तोंड नवऱ्याकडे फिरवले.

नवशीबायने चोरी केलेली नाही. प्लास्टिकचा चिमटा फुलांबरोबर गोळा झाला, वजन नसल्याने तिला समजला नाही. तो तेथे मी ठेवला होता. तिला सोडावे, असे मी तेव्हाच सांगितले. डॉ. दीप्ती यांनी तक्रार मागे घेत असल्याचे माझ्यासमोर सांगितले. त्या नवशीबायशी बोलायला गेल्या, पण ती थांबली नाही.

सकाळी फोनवर खरे का सांगितले नाही, असे मला विचारण्यात आले. मला पूजेतल्या चिमट्याबद्दल विचारले होते. यापलीकडे मला काही सांगायचे नाही.

चालू चिमटा उद्याच्या समितीसाठी डॉ. दीप्ती सुदर्शन गुप्ते यांच्या ताब्यात देण्यास माझी हरकत नाही. ठाण्याच्या ताबा-पावतीवर मालक म्हणून त्यांचे नाव आहे, ते कागदोपत्री बरोबर आहे.

हा जबाब मला मराठीतून वाचून दाखवला. दुसऱ्या परिच्छेदात 'डॉ. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली चिमटा बनविला' असे लिहिले गेले होते. ते खोडून 'मी एक चिमटा बनविला' असे करून घेतले आणि त्या ठिकाणी वेगळी सही केली. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.